एक मिनिट सात सेकंद

अंबडच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यावर
वरच्या मजल्याला आमचा रॅक आहे.
चिवड्याच्या दुकानात असतो तसाच, लोखंडी;
बरण्यांच्या जागी पडदे.
त्रेचाळीस इंची टीव्ही, दोन टॅबलेट,
केबलवाल्याकडून आणलेला एक डबा,
आणि सगळ्यात खालच्या फळीवर
काच तडकलेला, दोन जीबीचा फोन.
फिरदौस त्याला म्हातारबा म्हणते.

सगळ्यांवर एकच व्हिडिओ, दोन मिनिटं अकरा सेकंद.
फिरदौसनंच काढलेला, गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात.
पाणी, मेथीच्या जुड्या, माणसांची ये-जा:
एवढ्यानं कुठलंही नेटवर्क रडकुंडीला येतं,
म्हणून.

मी बघत नाही. मोजतो.
सुरू व्हायला किती लागले, कुठं अडलं,
चक्र किती वेळ गरगरलं,
ओठ आणि आवाजात किती फट पडली.
ऐंशी मिलिसेकंदांपर्यंत चालतं, निरगुडे साहेब सांगतात,
तेवढं कुणाच्या घरात कुणाला कळतंय?

एक मिनिट सात सेकंदांवर
जांभळ्या पदराची एक बाई मान वळवते.
टीव्हीवर: कानातली कुडी, कपाळावरचा घाम,
आणि ती आता काहीतरी बोलणार, हे.
टॅबलेटवर: बाई.
डब्यावर कधी कधी ती वळायच्या आतच वळून झालेली असते.
म्हातारबावर सहा चौकोन.
दोन जांभळे, तीन गव्हाळ,
आणि एक, ज्याचा रंग मला अजून ठरवता आलेला नाही.
रकान्यात मी लिहितो: चालेल.

ती काय बोलणार होती ते कुठल्याच पडद्यावर नाही.
फिरदौसला विचारलं तर म्हणाली,
मला काय माहीत, मी कॅमेरा मेथीवर नेला होता.

परवा दुपारी रविवार कारंजावर
रिक्षाला हात करताना एका बाईनं मान वळवली.
पदर जांभळा नव्हता.
चेहऱ्यावरून मी ओळखलंच नसतं.
ओळखलं ते चौकोनांवरून:
आधी हनुवटी, मग खांदा, डोळे सगळ्यात उशिरा.
एकही फ्रेम न गळता.
खिशात माझा अंगठा आपोआप मोजायला लागला.

आणि ती बोलली. रिक्षावाल्याशी.
"द्वारकेला येता का? सुट्टे नाहीत हं माझ्याकडं."
ओठ आणि आवाज, तंतोतंत.
म्हणजे थोडं मागंपुढं झालंही असेल,
मधून सिटी बस गेली.

सांगावंसं वाटलं, ताई, तुम्ही आमच्याकडं
चाळीस हजार वेळा वळला आहात.
पण हे ऐकून चप्पल न काढणारी बाई
अख्ख्या मेन रोडला सापडली नसती.

रात्री म्हातारबाला फळीवरून उचललं,
काच शर्टाला पुसली. तडा तसाच.
एक सहा. चक्र. चक्र.
एक सात.
सहावा चौकोन तोंडाचा होता तर.

सुट्टे नाहीत हं, मी म्हणालो,
ऐंशीच्या आत.