अठ्ठ्याहत्तरचं कॅलेंडर

अशोक चौकाच्या अलीकडे, नाग नदीच्या पुलाला लागून
शालिक मिस्त्रीचं गॅरेज. म्हणजे माझ्या बापाचं.
भिंतीवर इटालियन गाड्यांचं कॅलेंडर,
कोण्या पारशी गिऱ्हाइकानं बिलाऐवजी दिलेलं.
साल तेच राहिलं, अठ्ठ्याहत्तर.
पान मात्र बाप दर महिन्याला उलटायचा.

"सांग वं, याचं नाव काय म्हणते?"
मी कॉलेजच्या लायब्ररीतून अर्थ हुडकून आणायची.

टेस्टा रोसा, लाल डोकं.
इंजिनाच्या हेडवरची झाकणं लाल रंगवलेली, म्हणून.
"बस? आपण नाही का म्हणत, तो हिरव्या टाकीवाला."

दोनशे पन्नास, एका सिलिंडरचं माप.
असे बारा.
त्यानं बोटांवर तीन लिटर मोजले
आणि चित्राला हात जोडले.

क्वात्रोपोर्ते, चार दारं.
यावर तो खोकला येईस्तोवर हसला.

गिब्ली मे महिन्यात आली.
वाळवंटातला तापलेला वारा, मी वाचलं.
बाहेर शेहेचाळीस. पाना हातात धरवत नव्हता,
कूलरची खस वाळून कडक.
"याले पैसे देऊन बोलावते का कोणी?"
म्हणत त्यानं शटर अर्धं ओढलं.

मिउरा, झुंजीचे बैल पाळणारं घराणं.
तो फळीकडे बघू लागला.
तिथं माझा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल,
चार जुन्या बेअरिंगांवर उभा, एक शिंग तुटकं.
"बैलाले चाकं तं आपणबी लावली होती."

काउंटाश कोशात सापडेना.
फार दिवसांनी कळलं, तिकडच्या गावबोलीतला उद्गार आहे,
काही अचाट दिसलं की तोंडून सुटणारा.
मी सांगायच्या आतच
बाप पान उलटून बसला होता.
"बाप्पा!" म्हणाला.
मग मी काही सांगितलंच नाही.

कोपऱ्यात त्याची स्वतःची लॅम्ब्रेटा,
अकरा वर्षं बंद.
तिचं नाव त्यानं कधी विचारलं नाही. मीच सांगितलं:
मिलानजवळ लाम्ब्रो नदी,
नदीवरून वस्तीचं नाव, वस्तीवरून गाडीचं.

तो बराच वेळ गप्प.
मागच्या खिडकीतून आपली नदी येत होती,
काळी, साबणाच्या फेसाची.
"तेबी अशीच वास मारते का?"

कोशात ते नव्हतं.
त्यानं फडकं रॉकेलात बुडवलं
आणि गाडीच्या नावातला
ग्रीसनं भरलेला पहिला 'ल'
नखानं कोरायला घेतला.