साडेअकरा गुंठे

पिंटू इंगवले जमीन दाखवायचा ती भर दुपारीच.
गाडीतून उतरला की आधी डोंगराकडे बोट,
मग विहिरीकडे, मग सातबाऱ्यावरच्या एकुलत्या नावाकडे.
"कूळ न्हाई, बोजा न्हाई, भावकी न्हाई, मॅडम."
वर त्यानं एकदाही बोट केलं नाही.

वर सहा तारा होत्या,
आणि सगळ्यांत उंच एक बारीक.
"ते व्हय? ते सरकारी हाय," म्हणाला,
जसं आभाळ त्याच्याकडे विकायला नव्हतंच.

चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजला काढली.
कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड,
निपाणी बोला, इचलकरंजी बोला, तीन मिनिटं झाली.
तुटलेली तार एका तऱ्हेनं गप्प असते
आणि पलीकडे कुणी कान लावून बसलेली दुसऱ्या.
या दुसऱ्या तऱ्हेनं गप्प होत्या.

म्हणून एकटीच गेले, पहाटेच्या गारगोटी गाडीनं,
मुदाळ तिट्ट्यावर उतरून पुढे वडापनं.
धुकं होतं. टॉवरचे पाय दिसत होते,
कमरेपासून वर काहीच नव्हतं.
आणि आवाज होता,
भजी सोडायच्या आधी तेल करतं तसा,
पण न थांबणारा.
छत्री उघडली
तर दांडी बोटांना मुंगीसारखी चावली.

शेजारच्या रानात हसीना मुजावर वैरण कापत होती.
"दव पडलं की बोलती ती," म्हणाली.
"उन्हाचं ऐकू येत न्हाई,
म्हणून तर पिंट्या दुपारी आणतोय लोकास्नी."
विळा पदराला पुसला.
"आमची म्हस वरीसभर बुजली. आता तिथंच बसती.
येवढी वीज डोक्यावरनं जाती, बाई,
आणि आमची मोटर अजून रातच्या बाराला."

लेकीनं बंगळूरहून सात लेख पाठवले होते.
वाचते, असं कळवलं.
नणंदेचा सुभाष वीज कंपनीत, तो म्हणाला,
"मधोमध धरून दोन्हीकडे साडेसतरा मीटर, मामी.
तेवढ्यात घर नाही, उंच झाड नाही. शेंगा लाव."
मी पावलांनी मोजलं, मग टेपनं, मग परत पावलांनी.
साडेअकरातले पाच तारांचे.
साडेसहा माझे.

केरबा चौगल्यांच्या सोप्यात बोलणी बसली.
चहा आला. मी म्हटलं, पाच गुंठ्यांचा दर निम्मा.
पिंटू हसला, "जमीन हाय तशीच हाय की, तार वर हाय."
केरबा बराच वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिले.
"मीबी टॉवरवाल्यास्नी हेच म्हणालो हुतो," म्हणाले.
"भरपाईत तीन झाडं धरली. दोन आंबं, एक फणस.
फणसाचं वय लिवलं बारा."
बशी खाली ठेवली.
"माझ्याहून थोरला हुता त्यो."

यावर माझा आकडा तयार होता. बोललेच नाही.
पिंटूनं मधलाच एक फेकला, मी मान हलवली.
बहुतेक वीसेक हजार जास्तच गेले.

बिद्रीच्या लेखनिकानं चतुःसीमा लिहिली.
पूर्वेस ओढा, पश्चिमेस मुजावर,
दक्षिणेस पाणंद, उत्तरेस लिहून देणार यांचीच उर्वरित.
"आणि वर?" मी विचारलं.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
"वरचा रकाना नसतो."

पाणंदीच्या कडेला, पंचविसाव्या मीटरवर,
परवा गेले तर कुणीतरी आळं करून ठेवलेलं.
माती ओली. आत आठळी होती, बोटभर खोल.
मी केरबांना विचारलं नाही.
खरेदीखत पिशवीतच होतं,
त्याच्या पाठीमागे तेवढी तारीख लिहून ठेवली.
कुणी वय विचारलं तर असावी.