उसनं नाक

तापातून उठली तेव्हा
हलिजाहमावशी म्हणाली,
जंगल कुणीतरी धुऊन नेलंय.
झाडं तिथेच होती, तेमेंगोरच्या पाण्यापलीकडे,
पण पान चुरडून नाकाशी धरलं
तर नुसती ओली बोटं.

लोक म्हणाले, एवढंच ना?
दिसतंय, चालता येतंय, भात जातोय.

दुसऱ्या सकाळी तिने मला मानगुटीला धरून
पायवाटेवर पुढे घातलं.
सांग.
मी म्हटलं, छान वास आहे.
पाठीत धपाटा.
'छान' हा वास नसतो, तुझा आळस असतो.

मग शिकले.
पोटदुखीची साल, आणि तिची जुळी बहीण:
रंग एक, चीक एक, अंगावरच्या मुंग्याही त्याच.
एक उग्र, डोळ्यांत झोंबणारी,
वटवाघळांच्या गुहेच्या तोंडाशी येते तशी.
दुसरी कुबट.
कुबट घेतलीस तर रात्रभर ओकशील.
आणि वशट,
ज्याच्या मागावर वाघ येतो तो,
एका मुळाला असतो, खणलं की लगेच.
ते मूळ तिथेच पुरून यायचं, हात मातीने घासून.

रानआल्याचं पान मात्र केसांत खोवायचं,
तापलेल्या पोराच्या छातीवर ठेवायचं.
का, तर म्हणे
दुखण्यालाही नाक असतं.
त्याला चुकवायचं.

एकदा रमायच्या पोरासाठी साल आणली मी, घाईत.
मावशीने हुंगली, सवयीने,
आणि स्वतःवरच चिडली.
जिभेच्या टोकाला लावली. थुंकली.
काही न बोलता चुलीत टाकली.
धूर झाला तेव्हा मला कळलं: कुबट.
पोर दारात बसून होतं, पोट धरून.
मी पुन्हा गेले.

शहरातून एकजण कुप्या घेऊन आला.
म्हणाला, हुंगा आणि नाव सांगा.
मावशी ऐटीत बसली,
प्रत्येक कुपी नाकाशी नेऊन, डोळे मिटून,
मग हळूच माझ्याकडे सरकवायची, टाचेने ढोसायची.
मी कानात सांगायचे. ती मोठ्याने.
त्याने सगळं तिच्या नावावर लिहून घेतलं
आणि जाताना म्हणाला, काय नाक आहे!

त्या रात्री अंधार पडायच्या आत
तिने ढिगातून एक पान उचललं,
माझ्या केसांत खोवलं.
बरोबर तेच.
कसं ओळखलंस, मी विचारलं.

तुझ्या नाकपुड्या हलल्या, ती म्हणाली,
आणि लाकडं पुढे सारली.