उसना तास

शुक्रवारचा आठवा तास
वेळापत्रकात ‘शा. शि.’ असा दोन अक्षरांत बसवलेला.
सतरा वर्षं मी तो उसना घेत आले.
जमादार सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणायचे,
“घ्या की बाई. पोर्शन ऱ्हायला असंल तर घ्या.”
उसना म्हणायचं फक्त.
शेजारी गेलेली वाटी
कधी परत येते का?

वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसायचं,
तांबडी माती, डावा गोलखांब वाकलेला,
आणि भिंतीपलीकडे मंगळवार पेठ,
जिथं मॅचच्या दिवशी लग्नाची तिथीसुद्धा
दबकत ठरवतात.
मी खिडकी लावून घ्यायचे.
फळ्यावर क्षची किंमत काढायचे,
बावन्न माना खाली,
बावन्न जोडी पाय बाकाखाली
नुसते हलत असायचे.

दुर्वा पोवार, नववी ब, भिंतीकडचा बाक.
तिचं अक्षर मला पाठ होतं,
तिचा नऊ शेपटीपाशी जरा अडायचा.
आवाज मात्र ठाऊक नव्हता.
हजेरीला हात वर,
चाचणीच्या दिवशी पोटदुखीची चिठ्ठी.
तिची आई एकदा आली, दारातच उभी राहून म्हणाली,
“रात्री झोपत न्हाई ओ, आढ्याकडं बघत पडती.”
मी म्हटलं, “सराव वाढवा.”
असं म्हटलं मी.
अजून ते वाक्य मला
दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागतं.

मग डिसेंबरात सरांना मतदारयाद्यांच्या कामाला नेलं,
आणि वर्गात वायरिंगवाले शिरले.
मुख्याध्यापकांनी शिट्टी माझ्या हातावर ठेवली,
“नाहीतरी तास तुमचाच असतो.
आज बाहेर घ्या.”

पहिल्या फुंकरीला नुसती हवा.
दुसऱ्या फुंकरीला कावळे उडाले.
मुलांनी सातबारा नावावर असल्यासारखं
अख्खं मैदान घेतलं,
मुली सावलीच्या कडेनं एका रांगेत.
“मुलीपण,” मी म्हटलं.
“त्यास्नी येत न्हाई, बाई.”
“तुला बीजगणित येतं का?
तरी बसवतेच की मी.”

नियम मला ठाऊक नव्हते.
कोण कुठल्या बाजूचं तेही कळेना,
चेंडूचं कातडं सोललेलं, उसळी वाकडी,
चाळीस-पन्नास पोरं त्याच्यामागं
मोहोळ उठल्यासारखी.
दुर्वानं चपला काढून भिंतीशी
नीट शेजारी शेजारी ठेवल्या.
पळाली. पडली.
मी पायरीवरून अर्धी उठले,
गुडघ्यावर मातीपेक्षा गडद काहीतरी दिसत होतं,
आणि तेवढ्यात, हात डोक्यावर नेऊन,
पेठेच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी ती ओरडली,
“हिकडं! हिकडं दे की रं!
मी मोकळी हाय!”

सतरा वर्षांत किती जणांचा आवाज
मी ऐकलाच नाही,
हा हिशेब मी तिथंच, पायरीवर, सोडून दिला.

गोल झाला नाही.
चेंडू वाकड्या खांबाला लागून
पिठाच्या गिरणीत गेला, पांढरा होऊन परत आला.
घंटा झाली ती कुणाला ऐकू आली नाही,
मलाही नाही.

पुढच्या चाचणीत दुर्वाला पुन्हा अकराच गुण.
हे लिहायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल
मी काही जादू सांगतेय.
फक्त चिठ्ठी आली नव्हती.
आणि तिची आई भाजी घेताना भेटली तेव्हा म्हणाली,
“गुडघा झोंबतोय, झोंबतोय म्हणत म्हणतच
झोपली ओ त्या दिवशी.”

सर परतले तेव्हा मी वही घेऊन गेले.
वर्षाला तीस शुक्रवार, सतरा वर्षं,
पाचशे दहा तास.
“कसे फेडू?”
सर हसले, मग हसायचे थांबले.
साहित्याच्या खोलीचं कुलूप काढलं,
आतून जुन्या रबराचा वास आला.
“फेडाफेडीचं बघू. पंप धरा आधी.
एकट्याच्यानं हवा भरत न्हाई ह्यात.”

मी पदर खोचला.
सुई काही केल्या
नीट बसत नव्हती.