संमतिपत्र

तापाचुलात सकाळी सहालाच सिमेंट तापतं.
निर्वासित कार्यालयाच्या भिंतीला टेकून
रांग बसलेली असते. उभं राहायची वेळ
आठला येते, आतून कुलूप वाजलं की.

माझ्या पिशवीत रेकॉर्डर, दोन पेनं,
आणि नैतिकता समितीनं मंजूर केलेलं
तीन पानी संमतिपत्र, प्रती चाळीस.
निघताना डॉक्टर उर्किसा म्हणाल्या होत्या,
"राज्यसंस्था तिथं कुठं राहते, तेवढं बघून ये."

पहिला आठवडा मी तिला शोधत होते
गणवेशात, बंदुकीत, नदीवरच्या पुलाच्या तपासणीत.
मग सापडली दोन्या एल्वियाच्या झेरॉक्सच्या दुकानात:
पानाला एक पेसो, पाठपोट दीड,
आणि अर्जाचा फोटो रंगीत कपड्यांत चालत नाही म्हणून
खिळ्याला टांगलेला एक पांढरा शर्ट,
जो होंडुरास, हैती, अंगोला, क्यूबा
सगळ्यांच्या अंगाला बसलेला आहे.
शर्ट दर रविवारी धुतात.
हे मी टिपून घेतलं.

मिर्लांद तिथंच भेटली.
पोर्तो-प्रँस, मग चिलीत सहा वर्षं,
मग दारिएनचं जंगल, ज्याबद्दल ती बोलत नाही,
मी विचारत नाही,
आणि माझ्या प्रश्नावलीत ज्याच्यासाठी
सोळावा प्रश्न राखून ठेवला आहे.

मी संमतिपत्र पुढं केलं.
तिनं बोट ठेवून वाचलं, एक ओळ न गाळता;
चिलीत ती कांद्याच्या गोदामात हिशेब लिहायची.
"यात म्हटलंय, मी केव्हाही माघार घेऊ शकते."
हो.
"मग या शहरातला हा एकच कागद
जिथून मागं फिरता येतं."
घडी घालून तिनं तो माझ्याच पिशवीत ठेवला.
"सही नको. माझ्या सह्या बऱ्याच ठिकाणी अडकल्यात.
तीन आठवडे माझ्याबद्दल लिहितेस,
आज माझ्यासाठी लिही."

दुकानामागं आंब्यांच्या उलट्या खोक्यांवर बसलो.
अर्जातली चौकट आठ ओळींची:
देश का सोडला, थोडक्यात सांगा.
ती सांगू लागली अंगणापासून,
अंगणातल्या विलायती फणसापासून,
त्याखाली भाऊ मोटारसायकल दुरुस्त करायचा तिथपासून.
मी म्हटलं, भीती वर घेऊ,
तारीख तिच्या मागोमाग,
भाऊ तिसऱ्या ओळीत.
"आणि झाड?"
झाड बसत नाही.
एकदा लिहिलेलं झाड मी खोडलं.
खोडताना हात थबकला नाही.
हे मी टिपून घेतलं नाही.

"तुझं कोण गेलंय तिकडं?" तिनं टोपण लावता लावता विचारलं.
वडील. फ्रेस्नोत, द्राक्षांवर. मी दुसरीत होते.
प्रबंधात ते 'संशोधकाचं स्थान' या मथळ्याखाली
दीड ओळीत येतात. तेही, म्हणजे, बसवलेच.

रात्री उर्किसाबाईंना लिहिलं: पत्ता सापडलाय,
पण तिथं सध्या मीच राहते आहे.
उत्तर आलं, "छान. हेच दुसरं प्रकरण."

प्रबंधात माणसांना नावं ठेवावी लागतात, असा नियम.
तुला कोणतं ठेवू, विचारलं तर म्हणाली,
"खरंच ठेव. खोटी नावं वाटेत पुष्कळ वापरून झाली."
समितीला ते चालत नाही.
म्हणून इथं मिर्लांद लिहिलंय. ती मिर्लांद नाही.

माझ्या परवान्याची मुदत सोमवारी संपली.
नूतनीकरणाला फोटो हवा,
आणि मी नेमकी निळ्या ब्लाउजमध्ये.
दोन्या एल्वियानं मान वर न करता
खिळ्याकडं बोट केलं.

बाह्या लांब होत्या.
कॉलरला साबणाचा वास,
आणि शर्ट अजून थोडा ओला.