उरलेले बलक

चर्चच्या जेवणात सैतान नको,
म्हणून टेनेसीच्या या खोऱ्यात बायका
त्यांना भरली अंडी म्हणतात.
मोझेलची आई मात्र सैतानीच म्हणायची,
पण ती रविवारी पत्तेही खेळायची.

शनिवारी रात्री फ्रीजमध्ये
खोका आडवा करून ठेवला,
म्हणजे बलक मधोमध बसतो.
अंडी आठवड्याची शिळी. ताजी सोलायला गेलं
की सालीबरोबर अंगही निघून येतं,
हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला कळलं.
बाराच्या बारा खाचखळग्यांची,
आणि सासू काहीच बोलली नव्हती,
तेच वाईट होतं.

उकळी, झाकण, गॅस बंद.
बारा मिनिटं.
तेवढ्यात हॉइटच्या गोळ्यांची डबी भरून होते,
सोमवार ते रविवार,
पांढरी, अर्धी पांढरी, गुलाबी.
मार्चमध्ये त्याच्या छातीत दोन जाळ्या बसवल्या,
पेनातल्या स्प्रिंगएवढ्या,
आणि डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं:
मेयोनेज बंद. डुकराची चरबी बंद.
बलक आठवड्याला
इथे त्यांनी एक आकडा लिहून खोडला होता,
शेजारी दुसरा, मोठा.
मोझेल खोडलेला पाळते.

बर्फाच्या पाण्यातून काढून
ओल्या फडक्याला सुरी पुसत
एकेक उभं कापायचं.
बलक बारा. सहा वाडग्यात,
सहा बाजूला.
वाडग्यातल्यांत चार चमचे चक्का
(रात्रभर नळाला टांगलेलं दही;
हॉइटने विचारलं होतं, हे वटवाघूळ कुणाचं?)
मोहरीची पिवळी चटणी,
काकडीच्या लोणच्याचं आंबट पाणी,
मिरपूड. मीठ जरा कमी,
मग आणखी जरा कमी.
चाखून पाहिलं. चव अजून वाटेतच होती.
अंगणातून शेपूच्या दोन काड्या आणून
बारीक चिरून टाकल्या,
पाहुणा यायच्या आत दिवा लावावा तशा.

बाजूचे सहा आधी कुत्र्याला जायचे.
डेप्युटी त्याचं नाव. जूनपर्यंत
तो पिंपासारखा झाला, आणि गुरांच्या डॉक्टरने
त्याच्याही नावाचा एक कागद लिहून दिला.
आता ते सहा वाटीत, झाकून, फ्रीजमध्ये,
काय करायचं ते न ठरवता.

सासूच्या काचेच्या ताटाला चोवीस खळगे.
ते टेबलावर नेमकं आलं
व्हर्नेल प्रॉफिटच्या ताटाशेजारी:
तिच्या अंड्यांत मेयोनेज तकतकीत,
वर बेकनचा चुरा.
"तुझी यंदा फिकट दिसतात गं," व्हर्नेल म्हणाली.
"उन्हाने," मोझेल म्हणाली.

प्रार्थना लांबली. माशा आल्या.
हॉइट रांगेत नववा.
ती बघत नसल्यासारखी बघत होती.
त्याचा हात व्हर्नेलच्या ताटावर थांबला,
छत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेला हात,
रेल्वेच्या फाटकाशी थांबायचा तसा,
दोन्हीकडे बघून.
मग पुढे सरकला.
हिच्यातली चार घेतली.
चौथं खाताना तोंड वाकडं केलं का?
केलं असेल. मध्ये पाद्र्याची टोपी आली.

परतताना मांडीवर ताट,
त्यात सात उरलेली. जन्मात पहिल्यांदा.
बराच रस्ता गेल्यावर तो म्हणाला,
"बरी होती. जरा दह्यासारखी लागली."
"दहीच आहे ते."
"मग बरोबर आहे."

रात्री तो झोपल्यावर
तिने फ्रीज उघडला, वाटी काढली.
ओट्याशी उभ्यानेच,
फ्रीजच्या उजेडात,
एक बलक घेतला, त्यावर मीठ टाकलं, चांगलं चिमूटभर,
आणि डोळे मिटून खाल्ला.
मग वाटीत पाहिलं.
तीन.

सकाळी सहा ठेवले होते.
डेप्युटीला फ्रीज उघडता येत नाही.

तिने ओठांवरचं मीठ पुसलं,
वाटी होती तिथेच ठेवली,
झाकण जरा तिरकं, होतं तसं.