खिळा क्रमांक ४२०७

पंधरा सालच्या उन्हाळ्यात, ब्राकेनफेल्डच्या चौकात
लिंडनच्या लाकडाचा एक शिलेदार उभा राहिला.
घडवला हेनेके सुतारानं. चेहरा पाववाल्याच्या पोराचा,
कारण दुसरं कोणी तासभर स्थिर बसेना.

लोखंडी खिळा अर्धा मार्क, चंदेरी दोन,
सोनेरी दहा, आणि तो फक्त तलवारीच्या मुठीवर.
पैसे सैनिकांच्या विधवांना, असं फलकावर होतं.
हातोडीला रेशमी फीत होती. बँड होता.
श्टूबर मास्तर म्हणाले,
प्रत्येक घाव थेट शत्रूच्या छाताडात!
मी नऊ वर्षांची. मला छाताड कुठे दिसेना.
पाववाल्याच्या पोराचा गुडघा तेवढा दिसत होता,
माझा हात तिथवरच पोचत होता.

एक, दोन, तीन. टाळ्या.
शिक्का मारलेला कागद मिळाला, क्रमांक ४२०७.
आईनं तो चौकटीत घालून लावला
भिंतीवरच्या त्या फिकट गोलावर, जिथं घड्याळ होतं.
घड्याळाचं पितळ आधीच लढाईवर गेलेलं.

तू विचारतेस, तुम्हाला फसवलं कुणी?
अगं, फसवायला घरी कुणी आलं नाही.
आम्हीच रांगेत होतो, मुठीत अर्धा मार्क घामेजलेला,
पुढचा माणूस वेळ लावतो म्हणून चिडत.

वर्गात नकाशा होता, टाचण्यांवर कागदी झेंडे.
रोज सकाळी एक मुलगा झेंडा पुढे सरकवायचा.
पुढे सरकवायला वर्तमानपत्र होतं,
मागे सरकवायला शब्दच नव्हता.
माघार घेतली की छापून यायचं, 'आघाडी सरळ केली.'
पुढे पुढे झेंडे होते तिथंच राहिले,
नकाशा त्यांच्याभोवती पिवळा पडत गेला.

थेडा ब्रुंकेन गावाचे कपडे धुवायची.
तिनं खिळा घेतला नाही.
म्हणाली, दोन पोरं दिलीत, आता या तिसऱ्याला कशाला टोचू?
बस, एवढंच.
त्या आठवड्यात तिच्याकडे धुणं जायचं थांबलं.
हुकूम कुणी काढला नव्हता.
आमचं धुणं परत आणायला मलाच पाठवलं.
आणलं, ओलंच, टोपलीतून ठिबकणारं,
आणि पुढे वर्षभर त्या गल्लीतून जाताना
पलीकडच्या कडेनं चालले,
तिच्या दारावर माझी सावलीही पडू नये म्हणून.
त्याचा कागद कुणी दिला नाही, शिक्का मारून.

टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
याला हातोडीचे सोसून आलं.
सोळा साल सरेपर्यंत बोटभरही लाकूड दिसेना,
बायका पायाशी मेणबत्त्या लावू लागल्या.
आणि सतराच्या वसंतात पाववाल्याचा पोर गेला.
बातमी आतल्या पानावर, बारीक टायपात,
सलगमचा पाव कसा करावा, त्याच्या खाली.
त्याची आई संध्याकाळी चौकात यायची,
शिलेदाराच्या गालावरून हात फिरवायची.
गालावरही खिळेच होते.
बोटं खरचटायची तिची.

मग ती शेवटची थंडी. कोळसा नाही.
एका रात्री कुणीतरी करवत आणली.
सकाळी चौकात नुसता चौथरा.
कुणी नेलं, हे कुणीच विचारलं नाही.
त्या दिवशी गावातल्या बहुतेक धुराड्यांतून धूर येत होता,
आमच्याही.

लिंडन जळतं झरझर. उरली राख, राखेत खिळे.
मी त्यात माझा शोधला, गुडघ्यातला.
सगळे एकसारखे काळे, जरासे वाकलेले.
त्यातले अकरा आईनं खुराड्याच्या दाराला ठोकले,
ठोकताना एकदाही वर बघितलं नाही.

थेडाची दोन्ही पोरं परत आली की नाही,
मी कधी विचारलं नाही.
कपड्यांची दोरी तेवढी दिसायची कुंपणावरून,
बर्फातही ताणलेली, रिकामी.

खुराड्याचं दार अजून आहे.
नीट लागत नाही.